मदत हवी आहे: अंगठीतल्या हिऱ्याचा भाव कसा काढायचा?

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीचा साखरपुडा मार्गशीर्षात आहे. तिच्यासाठी हिऱ्याची अंगठी बघून आलेय आणि तेव्हापासून डोकं चालेनासं झालंय.

सराफांनी दोन अंगठ्या शेजारी ठेवल्या. एकीत 90 सेंटचा (100 सेंट म्हणजे 1 कॅरेट) खाणीतला हिरा, दुसरीत 1 कॅरेटचा लॅबमधला, म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेला. आईने दोन्ही दाराशी उजेडात नेऊन भिंगातून पाहिल्या, फरक काही दिसला नाही. भावात मात्र जमीन-अस्मानाचं अंतर! खटकलं ते हे की कच्च्या बिलात हिरा, सोनं आणि घडणावळ मिळून एकच आकडा लिहिलाय. हिऱ्याचे वेगळे किती, विचारलं तर "ताई, एकूण बघा ना" एवढंच उत्तर.

खाणीतल्या हिऱ्याचा प्रति कॅरेट भाव वजनाबरोबर चढतो, त्यामुळे 1 कॅरेटच्या भावावरून 90 सेंटचा भाव साध्या त्रैराशिकाने निघत नाही, एवढं मला कळतं. लॅबच्या हिऱ्यांचे भाव तर गेल्या काही वर्षांत इतके उतरलेत की मैत्रिणीचं 2021 चं बिलही उपयोगाचं नाही.

दोन्ही हिरे एफ रंगाचे (म्हणजे रंगहीन श्रेणीतले), व्हीएस1 शुद्धतेचे (आतले दोष अगदी बारीक), गोल, आयजीआय या हिरे तपासणाऱ्या संस्थेच्या सर्टिफिकेटसह. गेल्या सहा महिन्यांत कोणी असा सुटा हिरा घेतला असेल तर प्रति कॅरेट काय पडला, कृपया सांगा. सुरतेहून सुटा हिरा आणून इथे कोंदणात बसवून घेतलाय का कोणी? आणि लॅबचा हिरा परत घेताना किती टक्के देणार, हे तुमच्या सराफांनी बिलावर लिहून दिलं का?

रविवारपर्यंत बयाणा द्यायचा आहे.