मधल्या दिवसांची साक्ष

प्रार्थनेचं उत्तर मिळालं की आपण मंडळीत उभे राहून साक्ष देतो. उत्तर यायच्या आधीचे महिने मात्र त्या साक्षीत एका वाक्यात आटोपतात: 'खूप वाट पाहिली, पण प्रभू विश्वासू आहे.' इथे त्या आटोपलेल्या दिवसांबद्दल लिहा. बळ आलं का, कसं आलं. आलं नसेल तर तेही लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं, 40 व्या अध्यायातलं शेवटचं वचन मला लहानपणापासून पाठ. परमेश्वराची आशा धरणारे गरुडासारखे उडतील, धावले तरी दमणार नाहीत, चालले तरी थकणार नाहीत. नवऱ्याला अर्धांगवायू झाला तेव्हा मी उडण्याची वाट पाहत होते. दीड वर्ष त्यांना उठवणं, अंग पुसणं, औषधं, कूस बदलणं, आणि रात्री तेच वचन. एका रात्री त्यातला क्रम खुपला. आधी उडणं, मग धावणं आणि सर्वांत शेवटी चालणं! हे उलटं वाटलं. पण हा दिलासा बाबेलच्या बंदिवासातल्या लोकांसाठी होता, आणि त्यांना यरुशलेमला परतायचं होतं ते पायीच. मलाही जे मिळत होतं ते चालण्याचं बळ होतं. उद्या सकाळी पुन्हा उठता येईल, एवढंच. साठवून ठेवण्याइतकं कधी मिळालं नाही, पण एक दिवसही चुकला नाही.

*

ताई, मी परिचारिका आहे, बरीच वर्षं रात्रपाळी केली. स्तोत्र 130 मध्ये पहाटेची वाट पाहणाऱ्या पहारेकऱ्यांचा उल्लेख लागोपाठ दोनदा येतो. दोनदा का, हे रात्रपाळी करणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. चार वाजले की घड्याळ पुढे सरकतच नाही.

माझा भाऊ दारूत बुडाला होता. मी बाटल्या लपवल्या, शपथा घातल्या, त्याचं कर्ज फेडलं, आणि मधल्या वेळात प्रार्थना केली. पहाट आपणच ओढून आणायची, असं चाललं होतं. पहारेकरी पहाट आणत नाही. तो जागा राहतो. हे पटल्यावर मी त्याचं कर्ज फेडणं थांबवलं, दार मात्र बंद केलं नाही. भाऊ पुढे सावरला. पण माझी झोप आणि माझं हसू परत आलं ते त्याच्या वर्षभर आधी, तो पीत असतानाच. हे मला आवर्जून सांगायचं आहे.

*

आम्हाला मूल नाही. लोक अब्राहामाचं उदाहरण देतात: 75 व्या वर्षी तो निघाला, 100 व्या वर्षी इसहाक झाला. कृपया असं कोणाला सांगू नका. मुलाचं वचन देवाकडून त्याला मिळालं होतं, आम्हाला तसं कोणी दिलेलं नव्हतं. मला जवळची वाटली ती लूकच्या शुभवर्तमानातली हन्ना. लग्नानंतर सात वर्षांत विधवा झाली, आणि 84 व्या वर्षीही मंदिर सोडून जात नव्हती. तिने स्वतःसाठी काय मागितलं होतं हे लिहिलेलंच नाही. माझी प्रार्थना हळूहळू 'मूल दे' वरून 'तू जवळ राहा' वर आली. दुःख गेलं नाही. पण बारशाला जाऊन मनापासून बाळाला कुशीत घेता येतं, पूर्वी ते जमत नव्हतं.

*

मी पाळक आहे. दोन वर्षांपूर्वी उपदेश तयार करायला बसलो की हात थरथरत. इतरांना 'प्रभूवर भार टाका' सांगणारा मीच रिकामा झालो होतो. एलीया संदेष्ट्याची कथा मी कितीदा शिकवली असेल! तो झुडपाखाली पडून मरण मागतो. देवदूत त्याला बोल लावत नाही. भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा उठवून खायला देतो, कारण वाट त्याला झेपणारी नाही. मग तो होरेब डोंगरापर्यंत 40 दिवस चालतो. मंडळीने मला तीन महिने रजा दिली. पहिला महिना मी जवळजवळ झोपूनच काढला आणि त्याची लाज वाटत राहिली. यशयाच्या त्या वचनात 'नवीन शक्ती' म्हणताना मूळ हिब्रू क्रियापदात बदलण्याचा अर्थ आहे. जीर्ण द्यायचं, नवं घ्यायचं. मी माझं जीर्ण बळ सोडायलाच तयार नव्हतो.

*

14 महिने बेकार होतो. तुरुंगातल्या योसेफाबद्दल एकच गोष्ट लिहितो. स्वतः अन्यायाने कोंडलेला असूनही सकाळी तो दोघा कैद्यांना विचारतो, आज तुमचे चेहरे उतरलेले का? त्यातलाच एक सुटल्यावर त्याला पूर्ण दोन वर्षं विसरला. तरी मी तो प्रश्न उचलला. रोज एका माणसाला फोन करून विचारायचं आणि माझं काही सांगायचं नाही. नोकरी त्यातल्या कोणाकडून लागली नाही. पण अंथरुणातून उठायला कारण मिळालं.

*

सगळं वाचलं. माझी वाट अजून संपलेली नाही, मुलगी सहा वर्षं माझ्याशी बोलत नाही. स्तोत्र 13 च्या पहिल्या दोन वचनांत 'कोठवर' चारदा येतं. सध्या माझी प्रार्थना तेवढीच आहे. आज सकाळीही केली.