स्वालबार्डची छोट्या जहाजावरची सफर: जून की जुलैअखेर? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघे सोलापूरचे, निवृत्त. नान्नजचे माळढोक आणि उजनीचे रोहित पाहण्यात आमच्या पंचवीसेक वर्षांच्या सुट्ट्या गेल्या. आता नॉर्वेच्या उत्तरेला असलेल्या स्वालबार्डला, शंभराच्या आत प्रवासी घेणाऱ्या जहाजावरून ध्रुवीय अस्वले आणि वॉलरस पाहायला जायचे ठरवले आहे. मात्र महिना ठरत नाही, म्हणून आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी तेथे जाऊन आलेल्यांचा सल्ला हवा आहे.

१ जानेवारी २०२५ पासून तेथील नियम कडक झाले आहेत. संरक्षित क्षेत्रात २०० हून अधिक प्रवाशांच्या जहाजाला प्रवेश नाही, हे आमच्या पथ्यावरच पडले. अडले आहे ते अंतरापाशी: अस्वलापासून १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर आणि एरवी ३०० मीटर दूर राहावे लागते. जूनमध्ये समुद्रावर बर्फ जास्त असतो आणि सीलच्या शोधात अस्वले त्यावर हिंडतात, पण ती पाहायची अर्ध्या किलोमीटरवरून. नान्नजला एवढ्या अंतरावरचा माळढोक दुपारच्या झळांमध्ये असा थरथरतो, की मान कोणती आणि वाळके गवत कोणते हे दुर्बिणीतूनही कळत नाही. तेथे बर्फावरचे पिवळसर पांढरे अस्वल डोळ्यांना नीट सापडते का? जुलैअखेरीस अंतर कमी होते, बहुधा हिनलोपन सामुद्रधुनीही मोकळी होते आणि तिच्या काठच्या आल्केफ्येलेटच्या कड्यांवरून गिलेमॉट या समुद्रपक्ष्यांची पिल्ले धड उडता येण्याआधीच समुद्रात उड्या घेतात, जे पाहण्याचा मोह मला अस्वलाइतकाच आहे. बर्फ मात्र तोवर बराच उत्तरेला सरकलेला असतो. माझ्याकडे ४०० मिमीची लेन्स आहे. ३०० मीटरवर ती पुरेल का, आणि हलत्या डेकवर स्पॉटिंग स्कोपचा (तिपाईवरच्या मोठ्या दुर्बिणीचा) काही उपयोग होतो का?

दुसरी चिंता सौभाग्यवतींच्या उजव्या गुडघ्याची. जहाजाच्या शिडीवरून डुलणाऱ्या झोडियाक या हवा भरलेल्या रबरी होडीत उतरणे आणि किनाऱ्यावर गमबूट घालून पाण्यातच पाय टाकणे हे साठीच्या माणसाला कितपत जमते? उतरणे न जमल्यास होडीत बसूनच किनारा पाहण्याची सोय असते का?

व्हिसाबद्दल येथील एका एजंटाने ‘सिंगल एंट्री चालेल’ असे छातीठोकपणे सांगितले होते. स्वालबार्ड शेंगेनच्या, म्हणजे युरोपीय देशांच्या सामाईक व्हिसा-क्षेत्राच्या, बाहेर असल्यामुळे ओस्लोला परतताना दुसरा प्रवेश लागतो, हे आम्हाला नंतर स्वतःच वाचून कळले. त्यामुळे त्याच्या इतर माहितीवरही आता भरवसा उरलेला नाही.

शेवटचे म्हणजे कपडे. आमच्या चादरींच्या गावात लोकरीचे थर्मल मिळणे कठीण. ते पुण्याहून घ्यावेत की थेट स्वालबार्डच्या मुख्य गावात, लाँगइयरब्येनला?