मदत हवी आहे: सेकंडहँड गाडीचा एअरबॅग रिकॉल बाकी निघाला, पार्ट येईपर्यंत काय करू?

मंडळी, राहणार रत्नागिरी. मागच्या दिवाळीत 2012 ची सेडान घेतली, मी तिसरा मालक. महिन्यापूर्वी ऑफिसातल्या एकाने सहज विचारलं एअरबॅगचा रिकॉल (सदोष भाग बदलायला कंपनी गाड्या परत बोलावते ते) करून घेतलास का, मला काही पत्ताच नव्हता, घरी येऊन आरसीवरचा 17 अक्षरी चॅसी नंबर कंपनीच्या साइटवर टाकला तर पॅसेंजर साइडच्या एअरबॅगचा इन्फ्लेटर (एअरबॅग गॅसने फुगवणारा भाग) बदलायचा बाकी! पत्र आलं असेल ते पहिल्या मालकाला, आम्हाला कोण सांगणार.

मग रात्री टकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगचं वाचलं आणि झोपच उडाली. त्या इन्फ्लेटरमध्ये गॅस तयार करायला अमोनियम नायट्रेट असायचं, वर्षानुवर्षं उष्ण दमट हवेत ते खराब होतं आणि एअरबॅग उघडताना इन्फ्लेटरच फुटून धातूचे तुकडे माणसाच्या अंगावर येतात. एकट्या अमेरिकेत 6 कोटींच्या वर एअरबॅग रिकॉल झाल्या, 2017 मध्ये टकाटाने दिवाळखोरी जाहीर केली. माझ्या गाडीत हाच प्रकार आहे का ते सर्व्हिस सेंटरवाले फोनवर धड सांगत नाहीत. आणि आपली कोकणची हवा, गाडी 12 वर्षांहून जास्त इथेच उघड्यावर उभी.

सर्व्हिस सेंटर कोल्हापूरला. तीन वेळा फोन केला, "पार्ट आला की कळवतो". वर म्हणे गाडी जुनी आहे, चार्ज लागू शकेल. 2021 पासूनच्या सरकारी सक्तीच्या रिकॉलला गाडी 7 वर्षांच्या आतली हवी अशी अट आहे हे वाचलंय, पण हा रिकॉल तर कंपनीने स्वतःहून काढलेला, त्यांच्याच साइटवर फुकट लिहिलंय, मग पैसे कसले? लेखी काय मागू?

दुसरं, गॅरेजवाला म्हणतो एअरबॅगचा फ्यूज काढून टाकू. मला ते पटत नाही, त्याने ड्रायव्हरची चांगली एअरबॅगही बंद पडेल ना? कोणी केलंय का असं?

आईचे गुडघे दुखतात म्हणून ती कायम पुढेच बसायची, आता मागे बसवतो, तिला चढता उतरताना फार त्रास होतो आणि दर आठवड्याला फिजिओला न्यावंच लागतं. कोल्हापूरला जायचं तर आंबा घाटातून हीच गाडी न्यायची.

कोकणात किंवा गोव्यात कोणी हे काम करून घेतलं असेल तर पार्ट यायला किती दिवस लागले आणि झाल्यावर कुठला कागद मिळाला, प्लीज सांगा.