सहावं की सातवं?
पुस्तकात सिकलसेल आजाराचा बदल बीटा-ग्लोबिन या प्रथिनात सहाव्या जागी आणि क्लिनव्हारमध्ये (जनुकीय बदलांचा डेटाबेस) सातव्या, मग खरं कोणतं, असं वर विचारलंय. दोन्ही एकच. जुनी मोजणी तयार प्रथिनाची. डेटाबेसवाले सुरुवातीचं, नंतर छाटलं जाणारं मेथिओनिन हे अमिनो आम्लही धरतात, म्हणून आकडा एकाने सरकतो. त्यापेक्षा सरळ 'आरएस३३४' (rs334, या बदलाचा ठरलेला क्रमांक) टाकून शोधा, घोळच नको. एनसीबीआय या अमेरिकी जैवमाहिती केंद्राच्या साइटवर जीन विभागात 'एचबीबी' (HBB, बीटा-ग्लोबिनचं जनुक) शोधताना सजीव म्हणून होमो सेपियन्स निवडा, नाहीतर माकडं-उंदरांची जनुकंही समोर येतात (तीही वाचनीय असतात म्हणा!). आजाराबद्दल वाचायचं तर ओएमआयएम (OMIM), म्हणजे माणसाच्या जनुकांची आणि आनुवंशिक आजारांची ऑनलाइन सूची. भाषा रूक्ष, पण संशोधनाचा इतिहासही मिळतो. आणि जनुकीय तपासणीचा रिपोर्ट घरच्या कुणाचा असेल, तर बदल जनुकाच्या एका प्रतीत आहे की दोन्हींत ते आधी बघा. एकीत असून दुसरी निर्दोष असेल, तर ती व्यक्ती फक्त वाहक.