मदत हवी आहे: रशियन एमएमए लढवय्या फेडोरच्या कोणत्या लढतीपासून सुरुवात करू?

हेवीवेट एमएमए (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या मिश्र मार्शल आर्ट्सच्या लढती) मी मनापासून बघतो, पण बहुतेक यूएफसी या अमेरिकी संस्थेच्याच. जानेवारी २०१८ मध्ये स्टिपे मिओचिचने एन्गानूला कुस्तीच्या जोरावर पाच फेऱ्या दमवलं, ती लढत माझी सर्वांत लाडकी. २०२१ मध्ये त्याच एन्गानूने त्याला दुसऱ्या फेरीत आडवं केलं! एका ठोशात सगळं फिरवणाऱ्या या गटात फेडोर एमेलियानेन्को २००० नंतर जवळपास दहा वर्षं न हरता टिकला कसा? मी त्याची फक्त २०१० ची वेर्दूमविरुद्धची लढत पाहिलीये, ६९ सेकंदांत हरला ती. त्यावरून त्याला जोखणं अन्यायच. प्राइड या जपानी एमएमए संस्थेतल्या नोगेरा आणि क्रो कॉपविरुद्धच्या लढतींपैकी आधी कोणती बघू? प्रतिस्पर्ध्याच्या गार्डमध्ये, म्हणजे पाठीवर पडलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या दोन पायांमध्ये, राहून वरून मारलेले त्याचे ठोसे कशात नीट समजतील? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगा.