मदत हवी आहे : कचरागाडीच्या गाण्यात पाव्हलॉव की स्किनर?

नमस्कार मंडळी. मी इंदूरची, वय ४३. यंदा बी.ए.चा प्रायव्हेट फॉर्म भरलाय, विषय मानसशास्त्र. पेपर तीन आठवड्यांवर आलाय आणि शिकण्याच्या प्रकरणात पाव्हलॉव आणि स्किनर या दोन शास्त्रज्ञांपाशी गाडी अडलीय. अक्षरशः गाडीच.

आधी भाषेची भानगड. पुस्तक हिंदी, पेपरही हिंदीतच लिहायचा. डोक्यात शिरेना म्हणून पुण्याच्या नणंदेनं तिच्या लेकीच्या मराठी नोट्स पाठवल्या. पाव्हलॉवचं तिथे 'अभिजात अभिसंधान', इथे 'प्राचीन अनुबंधन'. स्किनरचं तिथे 'साधक अभिसंधान', इथे 'क्रियाप्रसूत अनुबंधन'. मधल्या मध्ये माझं भरीत.

आता मुख्य प्रश्न. सकाळी गल्लीच्या तोंडाशी कचरागाडीचं गाणं वाजलं, की मी पोळी तव्यावर तशीच टाकून ओला-सुका दोन्ही डबे घेऊन फाटकाशी हजर. (२०१७ ते २०२३ सलग सात वर्षं इंदूरचा स्वच्छतेत पहिला नंबर आला, त्यात माझ्या करपलेल्या पोळ्यांचाही वाटा आहे.) हे म्हणतात, "तू पाव्हलॉवचा कुत्राच झालीस की!" (तोच, घंटेपाठोपाठ रोज खाणं मिळून शेवटी नुसत्या घंटेनंही लाळ गाळणारा.) मला उदाहरण इतकं आवडलं, की क्लासच्या सराव परीक्षेत अभिजात अभिसंधानाखाली तेच लिहिलं. ५ पैकी १. लाल पेनानं नुसतं 'गलत', का ते नाही. तो १ बहुतेक, पाव्हलॉवला १९०४ चं नोबेल पचनावरच्या कामासाठी मिळालं, हे लिहिल्याचा. गाणं म्हणजे घंटा, मी म्हणजे कुत्रा. मग चुकलं कुठे?

आणि ऋण प्रबलन म्हणजे शिक्षाच ना? जाणकारांनी सोप्या भाषेत सांगा, इंग्रजी लिंका नकोत.

प्रतिसाद :
ताई, सराफ्यासारखी खाऊगल्ली असलेल्या गावात राहून जिलबी सोडून कचरा सुचला? असो. कुत्र्याची लाळ आपोआप सुटते, ती त्याच्या हातात नाही. डबा उचलणं तुमच्या हातात आहे. आळस केलात तर नाही उचलणार. डबा रिकामा होऊन परत येतो म्हणून तुम्ही रोज जाता, म्हणजे वागणं परिणामावर चाललंय. ते स्किनरचं खातं. गाणं एवढंच सांगतं, की आत्ता गेलात तर काम होईल. याला विभेदक उद्दीपक म्हणतात.

ऋण म्हणजे वाईट नव्हे, वजाबाकी. आधी बघा, वागणं वाढलं की घटलं? वाढलं तर प्रबलन, घटलं तर शिक्षा. मग बघा, काही मिळालं की काही गेलं? कारमध्ये पट्टा लावेपर्यंत टुंगटुंग वाजतं, लावला की थांबतं, म्हणून पुढच्या वेळी आपण आधीच लावतो. कटकट गेली, वागणं वाढलं : ऋण प्रबलन. पोरगा उशिरा येतो म्हणून मोबाइल काढून घेतला आणि तो वेळेवर यायला लागला, तर इथेही काहीतरी गेलंच, पण उशिरा येणं घटलं. म्हणून ती शिक्षा. बहुतेकांची गफलत इथेच होते.

धागाकर्ती :
काका, मग ओल्या कचऱ्याचा वास घरातून जावा म्हणून मी डबा घेऊन धावते, तेही ऋण प्रबलनच ना? आणि एक गंमत. परवा भाचीनं चेष्टेनं मोबाइलवर ते गाणं लावलं. जवळ ना डबा, ना वास, तरी माझं नाक आपोआप आक्रसलं. सगळे हसले.

प्रतिसाद :
पहिलं बरोबर. आणि दुसऱ्यात तुमचे ४ मार्क आहेत! वासानं नाक आक्रसतं, ते कुणी शिकवावं लागत नाही. रोज आधी गाणं, मग झाकण उघडल्यावर वास. अशी जोडी जमत गेली आणि आता नुसतं गाणंही पुरतं. हे अस्सल अभिजात अभिसंधान. डबा उचलणारा हात स्किनरचा, नाक पाव्हलॉवचं.

धागाकर्ती :
अगदी डोक्यात बसलं, धन्यवाद. फक्त आता सरावाला बसले की 'अनुबंधन'च्या जागी हात 'अभिसंधान' लिहितो.

प्रतिसाद :
मागून शिकलेलं आधीच्याच्या आड आलं. रेट्रोॲक्टिव्ह इंटरफेरन्स, विस्मरणाच्या प्रकरणात हेच उदाहरण द्या. आणि आजपासून मराठी नोट्स कपाटात. उत्तरं हिंदीतच लिहून काढा.

धागाकर्ती :
ठेवल्या. नणंद इथे वाचत असेल तर तिला सांगू नका.