चिल्लर तुमच्या घरी कुठे साठते?

पाहुणे येणार म्हणून गेल्या रविवारी माळा आवरला, तर लोणच्याची जुनी बरणी हाताला लागली. उचलली तर जड. आत चिल्लर! आईने कधीतरी साठवायला घेतली असणार. वर्तमानपत्र पसरून ओतली. चालणारी नाणी भरली ३८६ रुपयांची. बाकीचा ढीग गेंड्याच्या चार आण्यांचा, षटकोनी वीस पैशांचा आणि नागमोडी कडेच्या दहा पैशांचा. चार आणे आणि त्याखालचं सगळं ३० जून २०११ पासून बाद झालं, म्हणजे बरणी त्याच्याही आधीची. आमचा लेक कटिंग चहासुद्धा मोबाइलने घेतो. त्याने गेंडा उचलून विचारलं, "बाबा, हे टोकन कशाचं?"

तेव्हा सुचलं, इथे विचारावं. तुमची चिल्लर कुठे साठते, कशी खपते, कुणी तोंडावर नाकारली का? लिहा बिनधास्त. आठ आण्यांचा किस्साही चालेल. आठ आणे अजून बाद झालेले नाहीत, घेत कुणी नाही इतकंच.

*

तालुक्याच्या गावी माझं किराणा दुकान आहे, त्यामुळे या विषयावर थोडं जास्तच बोलेन.

वडिलांच्या गल्ल्यात लाकडी खण होते आणि सकाळी ते भरलेले नसले की त्यांचा चेहरा उतरायचा. सुट्टे बट्ट्याने मिळायचे. शंभराची नोट द्यायची आणि पंच्याण्णवची चिल्लर आणायची. देवळाबाहेर बसणारा एक म्हातारा आमचा ठरलेला होता. संध्याकाळी फडक्यात बांधून आणायचा, वडील पाटावर ओतून बोटाने दोन-दोन नाणी ओढत मोजायचे. वीस झाली की एक चळत. मला आजही तसंच मोजता येतं, मशीन लागत नाही.

आता उलटं झालंय. भिंतीला क्यूआर कोड लागला आणि देवस्थानची माणसंच पिशव्या घेऊन येतात, "शेठ, घ्या की थोडी." बट्टा सोडा, वर चहा पाजतात. माझं नुकसान म्हणाल तर एकच. सुट्ट्यांच्या बदल्यात जी चॉकलेटं गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचो, त्यांचा खप बसला. पूर्वी बरणी चार दिवसांत संपायची. आता पोरंसुद्धा विचारत नाहीत.

*

चॉकलेटवाले काका, तुमच्यासारख्यांमुळेच माझे दात किडले :)

*

मी पुण्यात शिकतो, गाव लातूरकडे. पुण्यात बसमध्ये, टपरीवर दहाची नाणी सर्रास मिळतात. दिवाळीला गावी उतरलो तेव्हा खिशात अशी सात होती. स्टँडसमोर चहा घेतला आणि एक पुढे केलं.

"हे चालत नाही इकडं."

"सरकारनं काढलंय की, मामा."

"काढलं असंल. पुढं दूधवाला घेत न्हाई त्याला मी काय करू?"

मी मोबाइल काढून बातमी दाखवली. २०१८ साली रिझर्व्ह बँकेने सांगितलंय, दहाच्या नाण्याचे चौदाही प्रकार खरे आहेत. मामांनी बातमी नीट वाचली, मोबाइल परत दिला आणि म्हणाले, "मग रिझर्व्ह बँकेतच च्या प्या."

राग आला, पण पटलंही. सातही नाणी परत पुण्याला आणली.

*

मी ३१ वर्षं कंडक्टरकी केली. तीस पैसे, पंचाहत्तर पैसे असले फाटे भाड्याला असायचे तेव्हाची गोष्ट. सुट्टे नसले की तिकिटामागे पेनाने बाकी लिहायची, उतरताना द्यायची. ड्युटी संपेपर्यंत बोटं काळी व्हायची. ॲल्युमिनियमची नाणी हाताळा म्हणजे कळेल. घरी साबणाने धुतली तरी पहिला घास घेताना तो वास यायचा.

एकदा बाजाराच्या दिवशी गर्दीत एका आजीबाईंचे आठ आणे माझ्याकडून राहिले. पुढच्या बाजाराला त्या पुन्हा माझ्याच गाडीत. पदराची गाठ सोडली, आतून घडी घातलेलं तिकीट काढलं. मागे माझंच अक्षर. मी गाठीकडे बघत राहिलो. आठवडाभर सांभाळलं होतं तिने. मी रुपया द्यायला लागलो तर म्हणाली, "माझं जेवढं हाय तेवढंच दे, बाबा."

*

मला दिसत नाही. तुम्ही सगळे नाण्याबद्दल बोलताय ते वास आणि वजन यांच्याबद्दल, बरं वाटलं.

जुने दोन रुपये अकरा कोनांचे होते, बोट फिरवलं की कळायचं. मग गोल आले आणि २००७ साली त्यावर बोटांची चित्रं: एका रुपयावर अंगठा, दोनवर दोन बोटं. सोय बघणाऱ्यांची झाली. रुपया २५ मिलिमीटर, दोन रुपये २७. रांगेत मागचा माणूस ढोसत असताना दोन मिलिमीटर ओळखून दाखवा! खरी गंमत पुढे. २०११च्या मालिकेतले दोन रुपये नेमके २५ मिलिमीटरचे, म्हणजे आधीच्या रुपयाएवढे. रिक्षावाल्याला मी किती वेळा दुप्पट दिले असतील, देवाला ठाऊक. २०१९ साली आमच्यासाठी म्हणून नवी मालिका जाहीर झाली. त्यातलं बारा कडांचं वीसचं नाणं मला फार आवडतं. पण जुनी नाणीही खिशात येतातच, मग चाचपणं काही सुटत नाही. मी सरळ दोन खिसे केलेत. दोन रुपये डावीकडे.

*

अमेरिकेत शिकायला गेले तेव्हा इमारतीतलं कपडे धुण्याचं मशीन फक्त क्वार्टर, म्हणजे पंचवीस सेंटची नाणी घ्यायचं. बँकेतून चाळीस नाण्यांची दहा डॉलरची कागदी गुंडाळी आणावी लागे. पहिल्याच आठवड्यात घरी फोनवर वैतागून म्हणाले, "आई, इथे क्वार्टर मिळवायला किती वणवण करावी लागते!" पलीकडे शांतता. मग बाबांचा आवाज: "शिकायला गेलीयस ना तू?"

*

आमच्या आजीकडे कमळाचे वीस पैसे १०८ होते, १९६८ ते ७१ मधले, पिवळेधमक. दर दिवाळीला चिंचेने घासून लक्ष्मीपूजनाला ताटात मांडायची. एका वर्षी १०७ भरले. मी घेतला होता, बोरं घ्यायला. आजीने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तिच्यानंतर ताट आता माझ्याकडे आहे आणि दरवर्षी मी १०७च मांडते. बाजारात एक मिळेल म्हणा विकत, पण आणवत नाही.

*

धागाकर्ते, किराणावाला पुन्हा. तुमची ३८६ आणा माझ्याकडे, बट्टा नको. आणि त्या लातूरच्या पोराला सांगा, दहाची नाणीही घेतो, पुढे खपवायचं मी बघतो. गेंडे मात्र घरीच ठेवा.